आजारी बंदी : अशोकाची आज्ञा आणि आजचा कायदा

पंढरपूरला वळसा घालून वाहणारी भीमा सोलापूर जिल्ह्यातून कर्नाटकात जाते आणि पुढे कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीपाशी पोहोचते. सन्नतीला सम्राट अशोकाचे शिलालेख मिळाले आहेत. धौली व जौगड येथे कोरलेल्या दोन स्वतंत्र आज्ञांचा भाग तेथील शिलेवरही आहे. त्यांपैकी एका आज्ञेत सम्राटाने न्यायाधिकाऱ्यांना बजावले आहे की, कोणाही मनुष्यास विनाकारण बंधन वा यातना होता कामा नये. असा अन्याय ज्या दोषांमुळे घडतो तेही त्याने सांगितले आहेत. ईर्ष्या, क्रोध व निष्ठुरता यांच्याबरोबर घाई, आळस आणि थकवा यांचीही त्यांत गणना आहे.

पाचव्या शिलालेखात अशोक आणखी पुढे जातो. राज्याभिषेकास तेरा वर्षे झाली असता त्याने धम्ममहामात्र नेमले. बंदिवानांना साहाय्य करणे आणि ज्यांच्यामागे लेकरे आहेत, जे विपत्तीने ग्रासलेले आहेत किंवा जे वृद्ध आहेत त्यांची मुक्तता करणे, हे काम त्याने या अधिकाऱ्यांकडे सोपविले. सव्वीस वर्षांच्या राजवटीत पंचवीस वेळा बंदी मुक्त केल्याचे स्तंभलेखात नमूद आहे. अशोकाने देहदंड रद्द केला नाही, हेही खरे आहे. परंतु करुणा राजाच्या लहरीवर न ठेवता त्याने ती अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविली, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

या विचाराचे मूळ विनयात सापडते. अतिसाराने व्याकूळ झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. इतर भिक्खू त्याची शुश्रूषा का करीत नाहीत, असे विचारता उत्तर मिळाले की, तो संघाच्या काही उपयोगाचा नाही. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि रुग्णसेवा हीच आपली सेवा होय, असे संघाला सांगितले. तुरुंगातील जर्जर बंदीही असाच कोणाच्या उपयोगाचा नसतो.

आजच्या कायद्यात करुणेला जागा आहे. शिक्षा स्थगित वा माफ करण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४७३ ने शासनाला दिला आहे. ज्या गुन्ह्यास देहदंडही होऊ शकतो, त्यासाठी जन्मठेप भोगणाऱ्यास कलम ४७५ अन्वये चौदा वर्षे पूर्ण करावी लागतात. तथापि संविधानाच्या अनुच्छेद १६१ मधील राज्यपालांच्या अधिकारास ही अट लागू नाही. कच्चा कैदी आजारी वा दुर्बल असेल, तर गंभीर गुन्ह्याच्या आरोपातही न्यायालय कलम ४८० अन्वये त्याला जामीन देऊ शकते.

मात्र विशेष कायद्यांतील कठोर अटी आड येतात आणि वेळही निघून जातो. भीमा-कोरेगाव प्रकरणात फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी अटक झाली. कंपवातामुळे पेला धरता येत नसल्याने नळीच्या पेल्यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यात आठवडे गेले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची सुनावणी चालू असतानाच, त्यांच्या निधनाची वार्ता न्यायालयात सांगण्यात आली. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाले नव्हते. त्याच प्रकरणातील वृद्ध कवी वरवरा राव यांना मात्र मुंबई उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रकृतीच्या कारणावरून जामीन दिला होता. एकाच प्रकरणात कायदा दोन रीतींनी वागला. दुसरी रीत शक्य होती, हेच यावरून दिसते.

येथे आपल्या समाजाची एक शंका रास्त आहे. अत्याचाराचे घाव आपण सोसले आहेत. मग अत्याचारी मनुष्यही करुणेच्या नावाखाली सुटेल काय? बिल्किस बानो प्रकरणातील अकरा जन्मठेपीच्या कैद्यांना गुजरात शासनाने २०२२ साली सोडले आणि ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. ती करुणा नव्हती, मेहेरबानी होती. करुणेची कसोटी बंद्याचे वय व व्याधी ही आहे; त्याची जात, पक्ष वा वशिला नव्हे. वैद्यकीय अहवाल निःपक्षपाती असावा आणि पीडितांचेही म्हणणे ऐकले जावे, एवढा आग्रह आपण अवश्य धरावा. परंतु मरणोन्मुख माणसाला कोठडीत कुजविल्याने पीडिताला न्याय मिळत नाही.

करण्याजोगे काम हाताशी आहे. शिक्षा झालेला बंदी किंवा त्याचे नातेवाईक तुरुंग अधीक्षकांमार्फत शासनाकडे अर्ज करू शकतात. कच्च्या कैद्यासाठी अर्ज न्यायालयात करावयाचा असतो. उपचारांची कागदपत्रे अर्जास जोडावीत, पोच घ्यावी आणि पाठपुरावा सोडू नये. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीस विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये वृद्ध व असाध्य आजारी बंद्यांसाठी विशेष मोहीमही सुरू केली. सोलापुरातील ज्या घराचा माणूस तुरुंगात खितपत आहे, ते घर लाजेपोटी विहाराकडेही फिरकत नाही. उपासक-उपासिकांनी स्वतः त्या घरी जावे, अर्ज लिहून द्यावा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत सोबत करावी. अशोकाने जे काम अधिकाऱ्यांवर सोपविले होते, त्यातील एवढा वाटा आपणही उचलू शकतो.