बांगड्या घट्ट होऊ लागल्या तर

कॅन्सरचे उपचार म्हटले, की केस जाणार आणि उलट्या होणार, एवढे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक असते. बाई त्याची मनाची तयारी करते. गांगरते ती कधी न ऐकलेल्या त्रासांनी. आमच्या जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा ऑपरेशन, सलाईनमधली औषधे, शेक हे सारे घरात जवळून पाहिले. केस गेल्याचे त्यांनी फारसे वाटून घेतले नाही. रुमाल बांधून हळदीकुंकवाला आल्या. पण पहिल्या डोसानंतर लघवी लाल झाली, तेव्हा पार हादरल्या. ते रक्त नव्हते हो! शिरेतून दिलेल्या डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाचाच तो रंग. एक-दोन दिवसांत जातो. त्यापुढेही राहिला तर मात्र डॉक्टरांना सांगावे.

मग तोंडाची चव गेली. वरणभातही लोखंड चाटल्यासारखा लागे. अशा वेळी स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरून पाहा. तोंड आले असेल तर लिंबू-लोणचे दूर ठेवा आणि पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होते, हेही कुणी आधी सांगत नाही.

पुढे पॅक्लिटॅक्सेल सुरू झाले आणि हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. ब्लाऊजचे हूक लागेनात, पायातली चप्पल निसटली तरी कळेना. या औषधाचा नसांवर परिणाम होतो. आता आपला दिवस जातो चुलीपाशी! बधिर बोटांना चटका कळत नाही, कळतो तो फोड आल्यावर. म्हणून भांडे सांडशीनेच उचलायचे, अंघोळीचे पाणी घरातल्या दुसऱ्या कुणी पाहायचे, अनवाणी फिरायचे नाही, आणि बधिर पाय गरम पिशवीने मुळीच शेकायचे नाहीत.

जाऊबाईंनी हे तीन आठवडे कुणाला सांगितले नाही. का, तर डॉक्टर औषध बंद करतील ही भीती. बायकांचे हे सोसणे इथे कामाचे नाही, बरं का. वेळेवर सांगितले तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, अंतर वाढवू शकतात. पुष्कळजणींच्या मुंग्या उपचारांनंतर काही महिन्यांत कमी होतात. काहींच्या थोड्या राहतातही.

तापाच्या बाबतीत तर एका रात्रीचाही धीर धरू नका. डोसानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. ताप १००.४ अंशांवर गेला, की मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचे. आधी घरची क्रोसिन देऊन ताप दडवायचा नाही.

आणि उपचार संपल्यावर, सगळे "आता बरी झालीस" म्हणू लागल्यावर, येऊ शकते ती हाताची सूज. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे शेक दिला, की हातातल्या द्रवाची परत वाहण्याची वाट अडते. सूज काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. सुरुवातीला दुखत नाही. हात जड वाटतो, बांगड्या घट्ट होतात. तेव्हा साबण लावून बांगड्या लगेच काढाव्यात आणि डॉक्टरांना दाखवावे. फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात, दाब देणारी बाही मापाने देतात. सूज लवकर धरली तर आटोक्यात राहते. हात गळ्यात बांधून ठेवू नका, हलकी कामे चालू द्या; मात्र भांडी घासताना हातमोजे घाला, विळीने कापले तर लगेच धुऊन औषध लावा. हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी दवाखाना.

शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन दर महिन्याला दोन्ही हात मोजावेत, मापे वहीत लिहावीत. जाऊबाई त्या बाजूच्या हातात आता एकच सैल बांगडी घालतात. ती कोपराकडे सहज सरकेनाशी झाली, की टेप बाहेर येते.