आवाज सगळ्यांचा, नाव कुणाचं?

तुमच्या ऑफिसात असा एक जण नक्की असेल. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसणारा आणि शनिवारी रात्री एखाद्या जॅमरूममध्ये गिटार गळ्यात अडकवली की पार बदलून जाणारा. पुढच्या वेळी त्याच्या पायाशी बघा. साबणाच्या डबीएवढ्या रंगीबेरंगी डब्या ओळीने मांडलेल्या असतात. ही पेडल्स. पायाने बटण दाबलं की गिटारचा साधासरळ आवाज फाटतो, घुमतो, चक्क रडायला लागतो!

ही पेडल्स बनवणाऱ्या बड्या कंपन्या आहेत. जपानची बॉस, अमेरिकेची डनलॉप वगैरे. पण जगभर याच धंद्यात घरच्या टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन बसलेले एकांडे शिलेदारही आहेत. पुण्यातला माझा एक मित्र त्याच जमातीतला. दिवसा आयटी, रात्री पेडल्स. सुटे भाग तापकीर गल्लीतून, मुंबईला आला की लॅमिंग्टन रोडवरून. मध्यंतरी त्याने एक हिरवं पेडल बनवलं, नावात ‘स्क्रीमर’ हा शब्द घातला आणि मला विचारलं, “कसंय गं नाव?”

मी म्हटलं, “मस्त आहे रे. पण ते तुझं आहे का?”

त्याला वाटलं मी गंमत करतेय. गंमत नव्हती. या धंद्यातली निम्मी भांडणं याच प्रश्नावरून होतात.

कॉपी चालते, पण कशाची?

आयबानेझचं ‘ट्यूब स्क्रीमर’ हे हिरवं पेडल १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलं. स्टीव्ही रे व्हॉननं ते वापरलं आणि त्याची क्रेझच झाली. आज त्याच्या सर्किटवर बेतलेली इतकी पेडल्स बाजारात आहेत की मोजणाऱ्याची दमछाक व्हावी. हे चालतं कसं? कारण सर्किटला संरक्षण देतं ते पेटंट. ते घेतलंच नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर तसं सर्किट साधारणपणे कुणीही बनवू शकतो. थोडक्यात काय, तर आवाजावर कुणाची कायमची मालकी नसते.

मालकी असते ती नावावर, लोगोवर आणि कधीकधी डबीच्या रूपावर. हाच ट्रेडमार्कचा फंडा. २००५मध्ये बॉसची मालक कंपनी रोलँडने बेहरिंगरला अमेरिकेतल्या कोर्टात खेचलं. तक्रार अशी होती, की यांची स्वस्तातली पेडल्स दिसायला हुबेहूब आमच्यासारखी आहेत. भांडण डबीच्या आतलं नव्हतं, बाहेरचं होतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि बेहरिंगरने डबीचं रूप बदललं.

घोडा, माणूस आणि कोर्ट

ती झाली दोन बड्यांची मारामारी. खरी स्टोरी आहे बिल फिनेगनची. या अमेरिकन गृहस्थाने १९९४मध्ये ‘क्लॉन सेंटॉर’ नावाचं पेडल बाजारात आणलं. सेंटॉर म्हणजे ग्रीक पुराणातला अर्धा घोडा, अर्धा माणूस. आपल्या धनु राशीचं चित्र आठवा, तोच. फिनेगन ही पेडल्स जवळजवळ एकहाती बनवायचा. कुणी सर्किट चोरू नये म्हणून त्यावर काळा इपॉक्सी ओतायचा. साधारण दीड दशकात आठ हजारांच्या आसपास पेडल्स झाली आणि त्याने काम थांबवलं. आता जुन्या सेंटॉरला हजारो डॉलर्स मोजले जातात.

इपॉक्सी खरवडून लोकांनी सर्किट शोधलंच. मग नकलांचा पूर आला. पण या नकलांची नावं बघा ना! कुणी ‘आर्चर’ ठेवलं, म्हणजे धनुर्धारी. वॉम्प्लरने ‘टमनस’ ठेवलं. नार्नियाच्या गोष्टींतला हा अर्धा माणूस, अर्धा बोकड. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने सरळ ‘सोल फूड’ म्हटलं. ग्राहकाला डोळा मारायचा, पण नाव आपलंच ठेवायचं, हा या धंद्यातला अलिखित शिष्टाचार.

२०२४मध्ये बेहरिंगरने तो मोडला. ७० डॉलरच्याही आत मिळणारं सोनेरी पेडल आणलं, त्यावर तसंच चित्र आणि नाव थेट ‘सेंटॉर’! फिनेगनने मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. हे पेडल माझ्याशी संबंधित आहे असा ग्राहकांचा समज होतोय, हा त्याचा मुद्दा. बेहरिंगरने नाव बदललं. आधी ‘झेंटॉर’, पुढे ‘सेंटारा’. आवाज सगळ्यांनी घेतल्यावर या माणसाकडे उरलं होतं फक्त नाव. ते वाचवणं त्याला शक्य झालं.

आता एक गंमत. सेंटॉर म्हटलं की मुंबईकरांना जुहूचं जुनं हॉटेल आठवेल. मग त्या हॉटेलवर दावा का नाही? कारण ट्रेडमार्क हा विशिष्ट माल किंवा सेवेपुरता असतो. हॉटेलात खोली घेणारा माणूस आपण गिटारचं पेडल घेतोय असं समजत नाही. घोळ होण्याची शक्यता नसेल, तर एकच नाव दोन धंद्यांत सुखाने नांदू शकतं.

बडे इतके चिडके का?

छोट्या बिल्डरला मात्र बहुतेकदा कोर्ट दिसतच नाही. त्याला दिसतं वकिलाचं पत्र. ‘अमुक नाव ताबडतोब थांबवा.’ बाजू बरोबर असो वा चूक, लढायला पैसा कुठून आणणार? मग नाव बदलायचं. छापलेल्या डब्या वाया, मॅन्युअल्स वाया आणि जुन्या नावाने आलेले चांगले रिव्ह्यूही वाया. महिन्याला वीस पेडल्स विकणाऱ्याला हा फटका सोसत नाही.

पण पत्र पाठवणाऱ्यांची बाजूही ऐका. नाव सांभाळलं नाही तर ते हातचं जातं. ‘क्राय बेबी’ हे वाह पेडल १९६०च्या दशकात आलं, पण नावाची नोंदणी वेळेत झाली नाही आणि जगभरातून त्याच नावाच्या नकला आल्या. फेंडरचं उदाहरण तर आणखी बोलकं. स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बास यांच्या बॉडीचे आकार आपल्या नावावर करायला फेंडर निघाली, तेव्हा गिटार बनवणारे इतर अनेक जण एकत्र आले आणि त्यांनी विरोध नोंदवला. २००९मध्ये निकाल फेंडरच्या विरोधात गेला. इतकी वर्षं इतके लोक हे आकार वापरताहेत, की आता ते कुणा एकाचे राहिलेले नाहीत! म्हणजे एकेकटे छोटे हरतात, पण एकत्र आले तर जिंकूही शकतात.

आपल्याकडचं काय?

आपल्याकडे १९९९चा ट्रेडमार्क कायदा आहे आणि त्याच्या रजिस्ट्रीचं मुख्यालय मुंबईतच, अँटॉप हिलला. एकट्या माणसाने किंवा स्टार्टअपने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गासाठी ४,५०० रुपये फी. पेडल्स वर्ग ९मध्ये येतात, गिटार वर्ग १५मध्ये. अर्ज जर्नलमध्ये छापला की चार महिन्यांत कुणीही विरोध करू शकतो. नोंदणी १० वर्षांची असते आणि नंतर वाढवता येते. नोंदणी नसली तरी नाव कमावलेलं असेल, तर ‘पासिंग ऑफ’चा दावा करता येतो.

कलम १४२ तर प्रत्येक छोट्या उद्योजकाला माहीत हवं. कुणी ट्रेडमार्कवरून निराधार धमक्या दिल्या, तर तुम्हीच उलट कोर्टात जाऊ शकता. मात्र भारतातली नोंदणी भारतापुरतीच. बाहेर माल पाठवणार असाल तर माद्रिद प्रोटोकॉलचा मार्ग आहे. भारत त्यात २०१३पासून आहे.

मित्राने हे सगळं ऐकलं आणि रात्रभर डोकं खाजवून सकाळी मेसेज टाकला, ‘बोंबाबोंब’. फुल आवाजात गिटार वाजवल्यावर शेजारी जे करतात ते! रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर फुकटात सर्च मारला, वर्ग ९मध्ये असं काही सापडलं नाही. मुंबईच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशननेही ‘बॅरन सामेदी’, ‘पिट वायपर’ अशी स्वतःच्या डोक्यातली नावं ठेवलीच की.

पेडल सोडा. तुम्ही वीकएंडला केक विकत असाल, टी-शर्ट छापत असाल किंवा बँड काढत असाल, तर लोगोवर पैसे उडवण्याआधी अर्धा तास त्या सर्चला द्या. गाजलेल्या नावाच्या सावलीत पहिले दहा ग्राहक लवकर मिळतात हे खरं. पण अकराव्याच्या जागी वकिलाचं पत्र आलं, तर त्या दहा जणांना तुमचं खरं नाव कोण सांगणार?