वारंवार येणारी चक्कर आणि वृद्धांची झोप

“पहाटे कुशीवर वळले आणि घर गरगर फिरू लागले,” असे घरातील आजी सांगते, तेव्हा आपण अशक्तपणा, पित्त किंवा वय झाले, असे म्हणून मोकळे होतो. काही घरांत अजूनही नजर उतरवली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला प्रत्येक गोष्टीचे कारण शोधण्याची दृष्टी दिली. त्या दृष्टीने पाहिले तर अशा चक्करेचे मूळ पुष्कळदा कानात सापडते.

आतील कानात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. उतारवयात ते जागेवरून सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग डोके हलताच नलिकेतील द्रव ढवळला जातो आणि शरीर फिरत असल्याचा चुकीचा संदेश मेंदूला मिळतो. म्हणूनच कूस बदलताना, फळीवरचा डबा काढताना किंवा विहारात पंचांग प्रणाम करून उठताना ही चक्कर येते. ती बहुधा मिनिटभरात थांबते. नोबेल पारितोषिक विजेते रॉबर्ट बारानी यांनी १९२१ साली या विकाराचे वर्णन केले.

अमेरिकेतील डॉ. जॉन एपली यांनी १९९२ साली यावरील उपचारपद्धती प्रसिद्ध केली. तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाचे डोके ठराविक क्रमाने वळवून ते कण मूळ जागी नेतात. काही मिनिटांचेच हे काम असते. तथापि, अनेकांना हा विकार पुन्हा उद्भवतो.

इथे झोपेचा संबंध येतो. ज्यांची झोप नीट होत नाही त्यांच्यात चक्कर पुन्हा येण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे. अपुरी झोप हेच त्याचे कारण, असे मात्र सिद्ध झालेले नाही. उलट, कूस वळण्याच्या भीतीनेही झोप उडते. असे हे दुष्टचक्र आहे. त्यावर झोपेच्या गोळ्या परस्पर घेणे धोक्याचे, कारण त्यांनी तोल जाऊन पडण्याची शक्यता वाढते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) झोपण्याची व उठण्याची वेळ ठरलेली असावी. दुपारची झोप थोडकी व सायंकाळचा चहा वर्ज्य असावा.

२) उठताना आधी काठावर क्षणभर बसावे. रात्री मोरीपर्यंत दिवा असावा.

३) पाचवे शील पाळावे. दारूने झोपही मोडते आणि तोलही जातो.

४) ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. ते कमी असलेल्यांना पूरक मात्रा दिल्यावर चक्कर पुन्हा येण्याचे प्रमाण घटल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातील चाचणीत दिसले.

५) चक्करेसोबत बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळे पडले किंवा चालताच येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रांनो, आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतः केली होती. आपल्या आजी-आजोबांना आजच विचारा, “रात्री झोप लागते का? वळताना गरगरते का?” उत्तर ‘होय, गरगरते’ असे आले, तर त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन जा. आणि विहारात ज्येष्ठांना वंदनेसाठी खुर्ची द्या. खुर्चीवर बसून केलेली वंदनाही तितकीच श्रद्धेची असते.