तोफगोळ्याचा मुखवेग : काही निर्णायक घटक

नाशिकजवळील देवळाली येथे भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय आहे. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘के-९ वज्र’ व ‘एम-७७७’ या १५५ मिलिमीटर तोफा येथेच समारंभपूर्वक सैन्यात दाखल झाल्या. अशा प्रसंगी चर्चा होते ती पल्ल्याची. तो ज्यावर अवलंबून असतो तो मुखवेग, म्हणजे गोळा नळीबाहेर पडतानाचा वेग, सहसा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः मुखवेग हा तोफेचा स्थिर गुणधर्म नव्हे.

रायफलीच्या काडतुसातील दारूचे माप कारखान्यातच ठरते. (पाश्चात्त्य देशांतील अनेक नेमबाज काडतुसे स्वतः भरतात, भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही.) १५५ मिलिमीटर तोफेत मात्र गोळा व दारू स्वतंत्रपणे भरली जाते आणि लक्ष्याच्या अंतरानुसार दारूचा भार कमी-अधिक केला जातो. नेमबाजाच्या हौसेचा प्रश्न येथे तोफचीचे नित्यकर्तव्य ठरतो.

भार समान ठेवूनही वेग बदलतो, याचे प्रमुख कारण तापमान होय. उष्ण दारू जलद जळते, दाब वाढतो व गोळा अधिक वेगाने सुटतो. नाटो राष्ट्रांची कोष्टके दारूचे तापमान २१ अंश सेल्सिअस गृहीत धरतात. नाशिकची डिसेंबरमधील पहाट १० अंशांच्या आसपास, तर एप्रिलची दुपार ४० अंशांच्या जवळ असते. येथे मोजावयाचे ते दारूचे तापमान, हवेचे नव्हे. सावलीतील व उन्हातील पेट्यांमधील दारू एकाच वेळी भिन्न वेग देऊ शकते.

दुसरा घटक नळीची झीज. तप्त वायूंमुळे आट्यांचा आरंभभाग झिजतो, वायू गोळ्याभोवतून निसटतो व वेग घटतो. प्रत्येक तोफेची झीज निराळी असल्याने रडारच्या साहाय्याने तिचा मुखवेग स्वतंत्रपणे मोजतात.

गोळ्याचे वजनही नेमके सारखे नसते. त्याचा गट दर्शविणारे चौकोन गोळ्यावर रंगविलेले असतात. जड गोळा मंद गतीने सुटतो, परंतु हवेत आपला वेग अधिक टिकवितो. त्यामुळे लांब पल्ल्यावर ही उणीव अंशतः भरून निघते.

निर्वातात पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेगातील १ टक्का फरक पल्ल्यात सुमारे २ टक्के, म्हणजे १५ किलोमीटरवर ३०० मीटर होतो. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्ष फरक यापेक्षा कमी पडतो. तथापि स्वपक्षाचे पायदळ लक्ष्यापासून काही शे मीटरवर असताना तेवढी चूकही प्राणघातक ठरते.