जुनी बंदूक घेताना

माझा आतेभाऊ सिंधुदुर्गात शेती करतो. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरतात आणि माकडांची धाड तर बारमाही. त्याला शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला तेव्हा सगळ्यात आधी फोन मला आला. नोकरीतली बरीच वर्षे मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत काढली. शस्त्र परवान्यांचे टेबल माझ्याकडे होते. तेवढ्यावरून मला बंदुकीतले सगळे कळते, असा आमच्या नातलगांत समज आहे. प्रत्यक्षात मी आयुष्यात एक बारही काढलेला नाही. मला कळतात ते कागद.

"दादा, एक एकनळी सस्त्यात गावता हा," तो म्हणाला. "नंबर जरा पुसट आसा, पण बंदूक बरी आसा."

पुसट नंबर ऐकला आणि मी दुसऱ्या दिवशीची एसटी पकडली.

जुना मोबाइल घ्यायचा असेल तर आज सोय आहे. त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की तो काळ्या यादीत आहे का ते घरबसल्या कळते. बंदुकीचे तसे नाही. तिच्या चौकशीचा रस्ता पोलीस ठाण्यातून जातो. अमेरिकेत घरोघरी बंदुका, पण तिथेही गत फार वेगळी नाही. चोरीच्या बंदुकांची यादी एफबीआयच्या संगणकात १९६७ पासून आहे, मात्र ती पोलिसांसाठी. फ्लोरिडासारखे एखादे राज्य लोकांना आपल्यापुरते क्रमांक शोधू देते, एवढेच.

मग आपल्याकडे घेणाऱ्याने काय करायचे? पहिली गोष्ट, बंदूक स्वतःच्या डोळ्यांनी आणि चांगल्या उजेडात बघायची. काडतुसाच्या बंदुकीचा नंबर बहुधा एकाच जागी नसतो. जिथे बंदूक मोडते त्या लोखंडी भागावर तो असतो, नळीच्या खालच्या बाजूला असतो, आणि पुष्कळ बंदुकांत नळीखालचा लाकडी तुकडा काढला की त्याच्या लोखंडावरही असतो. तिन्ही ठिकाणचा नंबर एकच हवा. वेगळा निघाला तर दोन बंदुकांची एक केलेली आहे, असे समजावे. यात एक गंमत अशी की नळीवर इतरही आकडे असतात. बोअरचा १२, नळीच्या चाचणीचे शिक्के, पेटंटचे क्रमांक. आमच्या शाखेत एकाने अर्जात पेटंटचा क्रमांकच बंदुकीचा म्हणून लिहून दिला होता. तो दुरुस्त करायला आठ महिने गेले.

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याचे आठवे कलम घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे असे आहे. नंबर खोडणे हा गुन्हा, हे उघडच आहे. पण नंबर खोडलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच तो खोडला, असे कायदा गृहीत धरतो. आपण खोडलेला नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. आणि कानस मारली म्हणून नंबर जातोच असे नाही. ठसा मारताना खालचा धातू दाबला जातो. प्रयोगशाळेत त्यावर रसायन लावले की पुष्कळदा पुसलेले आकडे वर येतात. कानस मारणाऱ्याला हे ठाऊक नसते. चोरीची निघाली तर बंदूक जप्त होते आणि पैसेही बुडतात, कारण विकणाऱ्याची मालकीच नसेल तर घेणाऱ्याला ती कुठून मिळणार?

दुसरी गोष्ट कागदांची. विकणाऱ्याचा मूळ परवाना मागावा, झेरॉक्स नको. त्यावर यूआयएन क्रमांक आहे का आणि याच बंदुकीची नोंद आहे का, ते लोखंडावरचा एकेक आकडा वाचून ताडून पाहावे. निवडणुकीच्या वेळी बंदुका ठाण्यात जमा होतात. त्या वेळच्या जुन्या पावत्या कुणी मागत नाही, मी मागतो. दहा-पंधरा वर्षांच्या पावत्यांवर तोच नंबर आला की माझा अर्धा जीव भांड्यात पडतो.

खासगी विक्रीत विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचे असते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे असते. लोकांना हा वेळकाढूपणा वाटतो. माझ्या मते हीच खरी तपासणी. त्या दिवसांत नंबर संबंधित ठाण्यांकडे जातो आणि चोरीची नोंद असेल तर ती पुढे येते.

असेल तर! सगळी मेख इथे आहे. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर ताबडतोब ठाण्यात कळवणे ही परवान्याची अट आहे. तरी परवाना रद्द होईल या भीतीने गप्प बसणारे मी पाहिले आहेत. एक गृहस्थ नूतनीकरणाच्या वेळी, चोरीनंतर दीड वर्षाने, टेबलापाशी येऊन रडले. त्या दीड वर्षात ती बंदूक कुणी घ्यायला निघाला असता, तर पोलिसांनी "नोंद नाही" असेच कळवले असते. म्हणून "नोंद नाही" या उत्तरावर मी एकट्यावर विसंबत नाही. लोखंड, परवाना आणि पावत्या यांनी एकच साक्ष द्यायला हवी.

आता आतेभावाच्या एकनळीकडे. नंबर पाच आकडी होता, पण शेवटच्या दोन आकड्यांची जागा गुळगुळीत, वर ताजे काळे पॉलिश. लाकडी तुकड्याच्या लोखंडावरचा नंबर शाबूत होता आणि त्याचे पहिले तीन आकडे नळीवरच्यांशी जुळत होते. बंदूक वारलेल्या भावाची, परवाना मुंबईला, असे विकणारा म्हणाला. मालक वारला तर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. ती घराच्या माळ्यावर कशी? आम्ही चहा पिऊन उठलो आणि तो नंबर अर्जात लिहून ठाण्यात दिला.

त्या बंदुकीचा खरा मालक दुसऱ्या जिल्ह्यातला एक म्हातारा शेतकरी निघाला. घरफोडी झाली त्याच दिवशी त्याने तक्रार दिली होती, आणि नंबर पूर्ण लिहिला होता.

आतेभावाने मग शेजारच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांची बंदूक ठरवली. तिन्ही नंबर जुळले, पावत्या होत्या. ४५ दिवस थांबायचे म्हटल्यावर तो माझ्यावर फार चिडला. बंदूक घरी आली तेव्हा भात कापून, झोडून कणगीत पडले होते.