बाप झाल्यावर फौजेत जाता येतं का? (भागाचं लेखी रूप)

या भागाचं रेकॉर्डिंग ऐकायला वेळ नाही, वाचून काढतो म्हणणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागून आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय, बाकी जवळपास तसंच आहे.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. वय एकोणतीस, मुलगा दीड वर्षाचा, नोकरी आयटीत. प्रश्न एका ओळीचा: ‘पॅरा एसएफमध्ये जायचंय, उशीर झाला का?’ मेसेज वाचून मी हसलो नाही. कारण मीही एकोणतीसचाच आहे, माझी मुलगी दोन वर्षांची आहे, आणि हाच प्रश्न मी स्वतः रात्री दोन वाजता गुगलला विचारलेला आहे.

आधी सरळ उत्तर. हो, पॅरा एसएफसाठी उशीर झालाय, पण फौजेसाठी झालेला नाही. यातला फरक समजून घेण्यासारखा आहे.

बाहेरून आलेल्या माणसाला नियमित सैन्यात शिरायचे जे दरवाजे आहेत, ते बापमाणसासाठी एकेक करून बंद होतात. २०२२ पासून जवान म्हणून भरती अग्निवीर योजनेतून होते. तिथे वयाची मर्यादा विशीच्या आसपास, आणि उमेदवार अविवाहित लागतो; चार वर्षं लग्नही करता येत नाही. मग अधिकारी व्हावं म्हटलं, तर आपल्यासारख्या बीटेकवाल्यांसाठी शॉर्ट सर्व्हिसची टेक्निकल एंट्री आहे. तिची मर्यादा सत्तावीस वर्षं, आणि तीही अविवाहितांसाठी. सीडीएसमधून चेन्नईच्या ओटीएला जायचं तर वय पंचविशीच्या आसपास संपतं. पॅरा एसएफमध्ये थेट भरती होणं हा सरळ रस्ता नाही. माणूस फौजेत असताना स्वेच्छेने पुढे येतो, प्रोबेशन पार करतो, तेव्हा मरून टोपी मिळते. पहिलं दारच बंद असेल तर दुसऱ्या दारापर्यंत पोचणार कसे?

आता जे दार उघडं आहे ते बघू. टेरिटोरियल आर्मी, आपल्याकडे सगळे टीए म्हणतात. कोल्हापूरकरांना टीए म्हटलं की टेंबलाई टेकडीकडचा परिसर आठवतो, कारण १०९ इन्फंट्री बटालियन (टीए) मराठा लाइट इन्फंट्री इथंच आहे. लहानपणी तिथून जाताना मला वाटायचं ही सगळी कायमची फौज. नंतर कळलं की यातली बरीच माणसं एरवी शेती, नोकरी, धंदा करतात आणि बोलावलं की गणवेश चढवतात. १९४८ च्या कायद्याने ही सेना उभी राहिली, १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये सी. राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं. कल्पना साधी होती: देशाकडे असे नागरिक असावेत जे वेळ आली तर सैनिक होतील.

इथं वयाची मर्यादा अठरा ते बेचाळीस. लग्न झालेलं चालतं, मुलं असलेली चालतात. उलट अधिकाऱ्यांसाठी अट अशी की तुमच्याकडे कमाईचं दुसरं साधन असलंच पाहिजे. म्हणजे टीए तुमचं पोट भरायला नाही, हे ते आधीच सांगून टाकतात. जवान म्हणून जायचं तर दहावी ४५ टक्क्यांनी पास, उंची १६० सेंटिमीटर, वजन ५० किलो, आणि मग मैदानावरची धाव. अधिकारी म्हणून जायचं तर पदवी, लेखी परीक्षा (रीझनिंग-गणिताचा एक पेपर, सामान्यज्ञान-इंग्रजीचा दुसरा), मग प्राथमिक मुलाखत मंडळ, मग पाच दिवसांचं एसएसबी आणि मेडिकल. ऐकायला सोपं वाटतं. २०२५ च्या जाहिरातीत संपूर्ण देशासाठी जागा होत्या १९. त्यातली एक महिलांसाठी.

एलिट युनिटचं काय? टीएमध्ये दोन पॅरा बटालियन आहेत: बेंगळुरूची १०६ आणि आपल्या देवळालीची, म्हणजे नाशिकजवळची, ११६. या पॅरा एसएफ नव्हेत, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कुणी बलिदान बॅजचा फोटो स्टेटसला लावून ‘मी येतोय’ म्हणायचा. पण विमानातून उडी मारावी लागते, ती खरीच. आणि कुठल्या बटालियनला जायचं ते आपण ठरवत नाही.

यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे महेंद्रसिंग धोनी. २०११ मध्ये त्याला १०६ टीए पॅरामध्ये मानद लेफ्टनंट कर्नल केलं गेलं. मानद, म्हणजे आपल्यासारखी परीक्षा देऊन नव्हे. पण २०१५ च्या ऑगस्टमध्ये तो आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये गेला आणि पाच उड्या पूर्ण केल्या, त्यातली एक रात्रीची. त्या वेळी त्याची मुलगी सहा महिन्यांची होती. २०१९ मध्ये तो पंधरा दिवस काश्मीरमध्ये बटालियनबरोबर राहिला. मला इथे क्रिकेटपेक्षा त्या सहा महिन्यांच्या मुलीचं जास्त कौतुक वाटतं. आमची सहा महिन्यांची असताना मी रात्री डायपर आणायला बाहेर पडलो तरी अपराधी वाटायचं. सचिन पायलट यांचंही उदाहरण आहे. २०१२ मध्ये केंद्रात मंत्री असताना, दोन मुलांचे वडील असताना, ते टीएमध्ये लेफ्टनंट झाले.

पण ही मोठी माणसं. त्यांच्या घरी माणसं आहेत, पैसा आहे. मला ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या.

कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे, सातारच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, २१ पॅरा एसएफचे अधिकारी. (ही २१ पॅरा मुळात २१ मराठा लाइट इन्फंट्री होती, आणि २ पॅराचं मूळही मराठा रेजिमेंटमध्येच आहे, १९७१ ला टांगाइलवर उडी मारणारी ती हीच. म्हणून मराठी पोरांना पॅराचं वेड असणं काही आजचं नाही.) १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात, ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर असताना, ते शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर सैन्यात जायचं ठरवलं. दोन लहान मुलं, वय पस्तिशीच्या पुढे. वयाची सवलत मिळाली. एसएसबी पार केलं, चेन्नईच्या ओटीएमध्ये अकरा महिने विशी-बाविशीच्या मुलींबरोबर धावल्या, आणि ९ सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट होऊन आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये गेल्या. पुढे २०२० मध्ये मीरा रोडच्या कनिका राणे, मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी, छोट्या मुलाला घरी ठेवून त्याच मार्गाने अधिकारी झाल्या.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. बाप सैन्यात गेला की लोक ‘देशभक्त’ म्हणतात. आई गेली की पहिला प्रश्न ‘मुलांचं काय?’ हा प्रश्न खरं तर दोघांनाही लागू आहे, आणि मला तो कुणी विचारला नव्हता. म्हणजे बायकोने विचारेपर्यंत.

झालं असं. मे २०२५, ऑपरेशन सिंदूरचे दिवस. रात्री घरी टीव्ही चालू. बातमी आली की केंद्राने अधिसूचना काढून लष्करप्रमुखांना टीएच्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना बोलावण्याचा अधिकार दिलाय. टीएच्या ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ तैनात करायची तयारी. आणि त्याच महिन्यात टीएच्या परीक्षेचा फॉर्म निघाला. मी भरायला बसलो. बायको बँकेत आहे, आकड्यांत बोलते. तिने एकच विचारलं, ‘बोलावलं तर?’ मी म्हटलं, वर्षाला दोन महिने कॅम्प असतो, बाकी नोकरी. ती म्हणाली, ‘ते कॅम्पचं नको सांगू. बोलावलं तर किती दिवस?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि कुणाकडेच नसतं, हेच त्याचं उत्तर आहे.

म्हणून तयारीचा भाग मी व्यायामापासून सुरू करणार नाही. शिरोळ तालुक्यात माझे मामा आहेत, निवृत्त हवालदार. सैनिक टाकळी त्यांच्या गावापासून जवळ, तिथं घराघरांत फौजी. मी त्यांना सांगायला गेलो तर म्हणाले, ‘अरे, पळायला काय, कुत्रंबी पळतंय. घर कोण सांभाळणार ते आधी सांग.’ तेव्हा आम्ही दोघं टेबलावर बसलो आणि वही काढली.

पहिलं, पैसा. टीएमध्ये पगार बोलावल्यावर आणि प्रशिक्षणात मिळतो, नियमित फौजेइतकाच. घरी असलात की शून्य. पेन्शनसाठी अधिकाऱ्याला प्रत्यक्ष सेवेची वीस वर्षं भरावी लागतात, म्हणजे त्यावर घर बांधू नका. नोकरीबद्दल कायदा आपल्या बाजूने आहे, सेवेवरून परतल्यावर मालकाने पुन्हा कामावर घ्यायचं असतं. पण प्रमोशन, प्रोजेक्ट, परदेशी क्लायंट हे कायद्यात येत नाही. आमच्या कंपनीत एचआरला टीए म्हणजे काय हे समजवायला तीन कॉल लागले. शेवटी ‘एनसीसीसारखं का?’ असं विचारलं गेलं, आणि मी ‘हो, पण बंदूक भरलेली’ म्हणालो.

दुसरं, विमा. तुमचा टर्म प्लॅन असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या. अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींत युद्ध आणि सैनिकी कारवाई वगळलेली असते. आमच्या पॉलिसीत ते सतराव्या पानावर होतं. सात वर्षं हप्ते भरतोय, पान सतरा कुणी वाचलंय?

तिसरं, मृत्युपत्र. ही गोष्ट बोलायला आमच्या घरात दोन आठवडे लागले. आई म्हणाली, ‘अभद्र बोलू नका.’ पण बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे पैशाचा मालक नव्हे, तो फक्त ताबा घेणारा. मुलगी लहान असेल तर तिचं काय, हे मृत्युपत्रातच लिहावं लागतं. शेवटी केलं. मी मेलो नाही, उलट वजन थोडं कमी झालं.

चौथं, मुलगी. हे वहीत मावलं नाही. बायकोने फक्त लिहिलं की वर्षाला दोन महिने, पहिल्या वर्षी महिन्याचं प्राथमिक प्रशिक्षण वेगळं, पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचा कोर्स वेगळा, आणि या काळात पाळणाघर, तिचं ऑफिस, सासूबाई, माझी आई यांचं वेळापत्रक कसं. त्या वेळापत्रकात माझं नाव कुठेच नव्हतं, तरी ते पूर्ण झालं. ते बघून मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

आता शरीर. भरतीवाल्या पोरांच्या भाषेत ‘सोळाशे’, म्हणजे १६०० मीटर. पहिल्या दिवशी विद्यापीठाच्या आवारात धावलो, नऊ मिनिटं चाळीस सेकंद, शेवटचे दोनशे मीटर चालत. शेजारून पोलीस भरतीची पोरं ‘काका, बाजूला’ म्हणत गेली. काका! आठ महिन्यांनी सहा पन्नासवर आलोय. काय उपयोगी पडलं ते सांगतो: रोज जोरात पळणं नव्हे. आठवड्यात तीन दिवस हळू, बोलता येईल इतक्या वेगाने, रंकाळ्याभोवती. एक दिवस चारशे-चारशेचे तुकडे. एक दिवस पन्हाळ्याची चढण पाठीवर दहा किलोची बॅग घेऊन. जोरात पळण्याच्या नादात दुसऱ्याच महिन्यात नडगी दुखायला लागली आणि तीन आठवडे वाया गेले. पुलअप्स शून्यावरून सहा. तिशीच्या उंबरठ्यावर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे खांदे आधी सैल करावे लागतात, मग ताकद येते.

आणि झोप. लहान मूल असलेल्याला कुठलंही अ‍ॅप सांगत नाही ते सांगतो: रात्री मूल तीनदा उठलं असेल तर सकाळी इंटरव्हल ट्रेनिंग करू नका, चाला. अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल रात्री साडेअकराला संपला असेल तर तेव्हाही तेच. मेडिकलला जायच्या आधी दात, गुडघे, तळपाय, डोळे तपासून घ्या, आणि कान साफ करून घ्या. कानातल्या मळामुळे परत पाठवलेली पोरं मामांनी डझनाने पाहिलीत.

माझा निकाल? २० जुलै २०२५ ला पेपर दिला. रीझनिंग चांगला गेला, सामान्यज्ञानात आपटलो. प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. एकूण झाले, पण एका पेपरात राहिले. आठ तास संगणकाकडे बघणाऱ्या माणसाला देशाबद्दल किती कमी माहिती असते हे त्या दिवशी समजलं. पुढच्या जाहिरातीची वाट बघतोय, बेचाळीसपर्यंत वेळ आहे. बायको म्हणते, ‘तोवर वही दर वर्षी जानेवारीत पुन्हा लिहायची.’ वही तिच्याकडेच असते.

मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुझा दीड वर्षाचा मुलगा आहे, तुझी बायको काय म्हणते ते कळव. बाकीच्यांनी प्रश्न नेहमीच्या ठिकाणी पाठवावेत. पुढच्या भागात एसएसबीचे पाच दिवस, आणि तिथे मुलाखतीत ‘मूल आहे का’ विचारलं तर काय बोलायचं, यावर बोलू. येतो मग.