सौर पंपाला बॅटरी लावावी की उंचावर हौद बांधावा?

चाकण-खेड भागात सौर पंप बसवलेले शेतकरी एक प्रश्न हमखास विचारतात : दिवसाची वीज बॅटरीत साठवून रात्री कांद्याला पाणी देता येईल का? घरातली माणसे कंपनीत पाळीला, दिवसा शेतात कोणी नाही, म्हणजे प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी साठवलेल्या ऊर्जेचा हिशेब समजून घेऊ.

विहिरीचे पाणी उंचावरच्या हौदात चढवले की पंपाने केलेले काम त्या पाण्यात स्थितिज ऊर्जा म्हणून राहते. व्हॉल्व्ह उघडला की ती परत मिळते. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ पासून याच ऊर्जेवर वीज बनवत आले आहे.

विजेचेही असेच आहे. विद्युतभार म्हणजे पाणी आणि व्होल्ट म्हणजे उंची समजा. दोन्हींच्या गुणाकारावर विद्युत स्थितिज ऊर्जा ठरते. नुसते व्होल्ट जास्त असून भागत नाही. कुंपणाच्या झटका मशीनचा दाब हजारो व्होल्ट असतो, पण प्रत्येक झटक्यात भार अगदी थोडा, म्हणून जनावर दचकते, मरत नाही. डोंगरमाथ्यावर तांब्याभर पाणी, तसे ते.

बॅटरीत ऊर्जा रसायनांत साठते, जशी डिझेलमध्ये किंवा कांद्यात. (चाळीतला कांदाही श्वसनात आपली साठवलेली साखर खर्चत असतो; वजनातली काही घट त्यामुळेच.) आता आकडे पाहा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.२ युनिट वीज मावते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे हाती ०.६ युनिट. तीन एचपीचा पंप त्यावर जेमतेम बारा-पंधरा मिनिटे चालेल. तासभर चालवायचा तर अशा चार-पाच बॅटऱ्या लागतील, आणि त्या काही वर्षांनी बदलाव्या लागतील.

हौदाचा हिशेब वरवर त्याहून फारसा चांगला दिसत नाही. एक लाख लिटर पाणी १० मीटर उंचीवर असेल तर त्यात फक्त २.७ युनिट ऊर्जा असते. पण आपल्याला रात्री वीज नको आहे, पाणी हवे आहे, आणि ते तर आधीच वर चढलेले आहे. दिवसाला ५ मिलिमीटर धरले तर ठिबकवर एक एकर कांद्याला साधारण २० हजार लिटर लागते. म्हणजे हे पाणी पाच दिवस पुरते. त्यासाठी १० बाय १० मीटरचा, एक मीटर पाणी धरणारा अस्तरित हौद पुरेसा आहे.

उंची मात्र मोजूनच घ्यावी. १० मीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो; फिल्टर आणि पाइपातल्या घर्षणात त्यातला काही जातो. तीन मीटर उंचीवर ०.३ किलोच मिळेल, तेव्हा नेहमीचे ठिबक नीट चालणार नाही; सरीने पाणी द्यावे. जमीन सपाट असेल तर हौदाच्या भानगडीत न पडता टायमरचा व्हॉल्व्ह बसवून दिवसाच थेट ठिबक चालवावे. माझ्या मते बॅटरी हा शेवटचा पर्याय.

एक सावधगिरी. सिंगल फेज मोटारीच्या पेटीतला कंडेन्सर खरोखर विद्युत ऊर्जा साठवतो, आणि मेन स्विच बंद केल्यावरही ती त्यात राहू शकते. विहिरीच्या कडेला बसलेला तेवढा झटका माणसाला आत पाडायला पुरे. मेन बंद केल्यावर निदान पाच मिनिटे थांबावे आणि वायरमनकडून बल्बच्या तारांनी कंडेन्सर उतरवून घ्यावा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नये. सौर पंपात तर पॅनेलवर ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या तारांत दाब असतोच. कंट्रोलर बंद दिसला तरी त्या तारांना हात लावू नये.